कानाच्या मशीनचा हकदार

बा, काल आमच्या गावात कानाच्या मशीनचं शिबिर होतं, आणि मी उगाच जाऊन बसले. शेजारच्या म्हातारीला सोबत पाहिजे होती हे कारण खरं आहे, पण तिला तिच्या सुनेनंही नेलं असतं. शाळेच्या वऱ्हांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलामागे दोन पोरी आणि एक तरुण डॉक्टर. त्यानं आधीच सांगितलं की माजी सैनिक कोण असतील त्यांनी इकडे बसावं, त्यांचं पहिले होईल. एक वाकलेला म्हातारा उठला, काठी बगलेत दाबली आणि दोन्ही टाचा जुळवून उभा राहिला. त्याला हातातला चहा संपायच्या आत मशीन मिळालं. तुझे कान कोणत्या लढाईत गेले, तोफेनं गेले की तापानं गेले, तू तोफेच्या पुढे होतास की मागे, असलं काही त्याला कोणी विचारलं नाही. कानामागे एक बोटाएवढी वस्तू अडकवली, डॉक्टरनं टाळी वाजवली, म्हातारा हसला, झालं. मी घरी आले आणि माझं डोकं फिरलं. एवढं सोपं होतं, तर तुझ्या वेळी सगळ्यांना काय धाड भरली होती?

तुला लिहायचं म्हणजे मला अवघडच जातं. आपण घरात आपली बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचो, आणि ती लिहायची मला कधी जमली नाही. शाळेनं हातात दिली ती मराठी. म्हणून हे पत्र मराठीत आहे, आणि तुझं नि याडीचं बोलणं मी आपण बाजारात बोलायचो त्या वऱ्हाडीत लिहिते. याडीला मात्र मी जन्मात कधी आई म्हटलं नाही, इथेही म्हणणार नाही. तू हसशील, की पोरगी आता पत्रातही बापाला समजावून सांगते. सवय आहे बा. तुला सगळं समजावून सांगण्यातच माझं लहानपण गेलं.

एक वाक्य मी आयुष्यभर बोलत आले आहे. बाला कानाचं मशीन वेळेवर मिळालं असतं, तर मी मास्तरीण झाले असते. लग्नाकार्यात, कापूस वेचताना, बसस्टँडवर, कुठेही कोणी विचारलं की तुम्ही तर इतकं चांगलं वाचता-लिहिता, मग नोकरी काहून केली नाही, की मी हे वाक्य काढते. लोक हळहळतात, सरकारला दोन शिव्या घालतात आणि विषय संपतो. वाक्य खरंच आहे. पण ते किती खरं आहे, हे तुला आणि मलाच ठाऊक.

तू पलटणीत बंदूक चालवायला गेला नव्हतास, हे मला मोठेपणी कळलं. आपल्या आज्याच्या बापानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या, आणि आपली माणसं उमरखेडकडच्या माळावर शेती करत बसली. भरतीच्या साहेबानं तुला विचारलं की जनावरावर ओझं लादता येतं काय, तू म्हणालास हाव, आणि त्यानं तुला खेचरांच्या कंपनीत घातलं. ब्रह्मदेशच्या डोंगरात जिथे मोटार जात नाही तिथे तोफांना गोळे पोचवायचे. ओझं दोन्ही बाजूंनी सारखं नसलं तर खेचर दरीच्या कडेला बसून राहतं आणि मग खुद्द जनरल आला तरी उठत नाही, असं तू सांगायचास. आणखी एक सांगायचास. तोफ उडायची वेळ झाली की खेचर उधळू नये म्हणून त्याचं डोकं छातीशी धरायचं आणि दोन्ही हातांनी त्याचे कान दाबायचे. खेचराचे! तुझ्या कानांवर ठेवायला तुला तिसरा हात नव्हता. तू हे हसत हसत सांगायचास, आणि आम्ही भावंडं तर हसून लोळायचो. आता नाही हसू येत.

घरी आलास तेव्हा कानात नुसती घूं-घूं होती म्हणे. मला आठवतं तेव्हापासून तुला उजव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि डाव्यानं जवळ येऊन ओरडलं तरच. पण तू तांड्याचा कारभारी होतास. तांड्याचा मुख्य तो नायक, आणि त्याच्या खालोखाल तुझा मान. भांडण असो, दंड असो, सोयरीक असो, बैठक बसली की तुझं मत लागायचं, आणि बहिऱ्या माणसाला कोण कारभारी ठेवतं? म्हणून तू लपवलंस. ऐकू आलं नाही की तू मान डोलवून हाव म्हणायचास, आणि तुझं हाव इतकं वजनदार असायचं की समोरच्याला वाटायचं कारभाऱ्यानं पुरता विचार केला. बैठकीत तू नेहमी आपल्या दाराकडे तोंड करून बसायचास, आणि मी दारात सुपात ज्वारी निवडत बसायचे. कोण काय बोललं ते मी आवाज न काढता ओठांनी तुला सांगायचे. तांड्याला वाटायचं पोरगी भारी कामाची आहे, बैठक उठेपर्यंत हातातलं सूप सोडत नाही. त्या ज्वारीत खडा कधीच नसायचा, तीन-तीन वेळा निवडलेली असायची.

मला शाळेत तूच घातलंस, हे मी विसरले नाही. तांड्यातली एकही पोरगी शाळेत जात नव्हती तेव्हा तू मला गावच्या शाळेत बोट धरून नेलंस. लोक म्हणाले, शिकून काय कलेक्टर होते काय? तू ऐकलं नाहीस, आणि या वेळी तुझं न ऐकणं कामी आलं. पलटणीत घरची चिठ्ठी वाचून घ्यायला दुसऱ्याच्या मागे फिरावं लागायचं, ते तुला फार लागलं होतं. मी सातवी फायनल पास झाले तेव्हा तू याडीला शिरा करायला लावलास. गुरुजी स्वतः तांड्यावर आले आणि म्हणाले की फायनल झालेल्या पोरीला यवतमाळला मास्तरकीच्या ट्रेनिंगला घेतात, राहायची सोय आहे, आता हिला घरी बसवू नका. त्यांचं बोलणं मी तुला ओठांनी सांगितलं. मला माझंच सांगायला लाज वाटत होती, म्हणून मी थोडं कमी करून सांगितलं. तरी तू समजलास आणि म्हणालास की जाईल, माझी पोरगी जाईल.

मशीनचं वेड मात्र तुझ्या डोक्यात त्याच्या आधीच शिरलं होतं. पुसदच्या बाजारात तुला तुझ्या कंपनीतला एक जुना सोबती भेटला आणि त्यानं सांगितलं की लढाईत ज्यांचे कान-डोळे गेले त्यांना सरकार चष्मा देतं, कानाचं मशीन देतं, अर्ज करा. अर्ज मी लिहिला. आपला जिल्हा त्याच सुमाराला मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि तुझा अर्ज नागपूरला जाऊन परत आला की आता हे आमच्याकडे नाही. पुन्हा लिहिला. मग यवतमाळच्या एका कचेरीत बोलावलं. तिथला बाबू वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात एकच शब्द, हकदार. हकदार कोण? ज्याचे कान नोकरीत गेले तो. तोफखान्यात होते काय? नाही, खेचरांत होते. मग तोफेनं कान कसे गेले? मी म्हटलं, साहेब, खेचरं तोफेपाशीच बांधलेली असायची. बाबू म्हणाला, तसं कागदात नाही, तरी डॉक्टर तपासतील, ते ठरवतील. तू मला ढोसून विचारलंस काय म्हणतो, आणि मी म्हटलं, डॉक्टर परीक्षा घेणार आहे. परीक्षा हा शब्द माझ्या तोंडून काय म्हणून गेला कोणास ठाऊक.

त्या तपासणीचा दिवस मला अजून दिसतो. आदल्या दिवशीच एसटीनं निघून आपण यवतमाळला मुक्काम केलेला. तू धुतलेलं पागोटं बांधलं आहेस, छातीवर पदक लावलं आहेस आणि मिशीला तेल. बाहेर आणखी पाच-सात जण बसलेले, कोणाचा डोळा गेलेला, कोणाचा हात. तुझी पाळी आली. डॉक्टर बाहेरगावचे होते, बहुतेक त्याच कामासाठी आलेले. त्यांनी मला दारातच थांबवलं, कारण घरचं माणूस सोबत असलं की खूण करतं म्हणे. तुला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि ते तुझ्या मागे जाऊन उभे राहिले. तू सावधान. मी दारातून तुझी नुसती पाठ बघते आहे, आणि माझे ओठ आपोआप हलत आहेत, पण तुझे डोळे भिंतीवर.

डॉक्टरनं हळू आवाजात हिंदीतून नंबर विचारला. तू थोडा वेळ थांबलास आणि पलटणीतला आपला नंबर खणखणीत सांगितलास. डॉक्टरनं नाव विचारलं. तू नाव सांगितलंस. डॉक्टर दोन पावलं मागे सरकले, आवाज आणखी खाली आणला आणि कंपनी विचारली. तू कंपनी सांगितलीस. गाव विचारलं, गाव सांगितलंस. मी दारात थक्क. मला वाटलं देवानंच कान दिले. मग ध्यानात आलं. पलटणीत कुठेही उभं केलं की हेच विचारायचे आणि याच क्रमानं विचारायचे. नंबर, नाव, कंपनी, गाव. तू सहा वर्षं हेच सांगत आला होतास, खंदकात, दवाखान्यात, पगाराच्या रांगेत. तुला प्रश्न ऐकू येण्याची गरजच नव्हती. साहेब मागे उभा आहे आणि वेळ जातो आहे एवढं कळलं की पुढचा जबाब तुझ्या तोंडून निघत होता. शेवटी डॉक्टरनं विचारलं की कधीपासून ऐकू येत नाही, आणि तू टाच आपटून म्हणालास, “जी साब.”

डॉक्टर हसले. हसले म्हणजे दुष्टपणानं नाही, पोर चोरून साखर खाताना सापडलं की हसतात तसं हसले. मी आत गेले आणि म्हटलं, “साहेब, त्यांना खरंच ऐकू येत नाही.” ते म्हणाले, “मग जबाब कोणी दिले?” मी सांगायला लागले की तो क्रम आहे, पलटणीत तसंच विचारतात, पण माझं बोलणं त्यांना वकिलीसारखं वाटलं असेल. पोरगी फार शिकलेली दिसते, एवढंच बोलले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आपण बाहेर आलो. तू माझ्याकडे बघून विचारतोस, भेटलं काय मशीन? मी मान हलवते, नाही. तुझा विश्वास बसत नाही. तू म्हणालास, “नाही कसं? सगळे जबाब देल्ले मी. एक बी चुकला नाही.”

मी तुला बसमध्ये समजावलं. दारव्ह्यापर्यंत समजावत होते. ती परीक्षा नापास व्हायची होती बा, गप राहायचं होतं. तुला पटेना. साहेबानं विचारल्यावर गप राहायचं म्हणजे तुझ्या हिशेबात कोर्टमार्शल. तू खिडकीबाहेर बघत बसलास आणि मग माझ्याकडे वळून म्हणालास की जाऊ दे, तू हायेस न. तेव्हा मला ते बोलणं गोड वाटलं होतं.

पुढच्या वर्षी, गुरुजींनी माझा ट्रेनिंगचा अर्ज पाठवल्यावर महिन्याभरातच, आपल्यापासून दोन कोसांवरच्या तांड्यातून माझ्यासाठी मागणी आली. पाहुणे आले, बैठक बसली, मधे गुळाची परात. आपल्यात गूळ वाटला की सोयरीक पक्की, मग मोडायची तर दंड, बदनामी आणि दोन तांड्यांत वैर. माझ्याच सोयरिकीची बैठक, मला दारात कोण बसू देणार? मी आत, याडीजवळ, डोक्यावरून ओढणी घेऊन. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. मुलाचा चुलता बोलत होता, आवाज असा की शेतात राखणीला बसवावा. इकडची-तिकडची बोलणी झाली, आणि मग तो म्हणाला, “कारभारी, एक गोष्ट आताच साफ करून घ्या. पोरगी पुढं शिकनार नाही, कुठं जानार नाही, घरीच राहीन. कबूल हाये काय?”

मी उठायला लागले. याडीनं माझा हात धरला. मला तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला, दाराकडे वळलेला, आणि दारात कोणीच नाही. तू म्हणालास, “हाव.” तेच वजनदार हाव. मग परात फिरली आणि लोक गूळ खायला लागले.

मी रडले तेव्हा याडीनं मला जवळ घेतलं. ती म्हणाली, “बापावर राग नको धरू. त्याले काय आयकू आलं असन? त्यानं आपलं नेहमीसारखं हाव म्हणून देल्लं.” मला ते लगेच पटलं, कारण ते पटण्यासारखंच होतं. तुझ्या हावची किंमत माझ्याइतकी कोणाला ठाऊक? बैठक पुन्हा बसवून तू सांगू शकला असतास की मला ऐकू आलं नाही. पण मग नायकापुढे, पाहुण्यांपुढे कबूल करावं लागलं असतं की कारभारी बहिरा आहे आणि आजवरचे सगळे निवाडे त्यानं न ऐकता केले. तुला ते करायला लावावं असं मला वाटलं नाही. मी तुझ्यावर रागावलेच नाही. सगळा राग त्या डॉक्टरवर काढला, त्या बाबूवर काढला. तोफखाना की खेचर विचारणाऱ्या प्रत्येकाला मी मनात शिव्या दिल्या, आणि त्या रागाच्या जोरावर मी नांदायला गेले. ट्रेनिंगचं बोलावणं आलं ते गुरुजींनी माझ्या सासरी आणून दिलं नाही. शहाणा माणूस होता.

नवरा वाईट नव्हता. सासूही वाईट नव्हती, फक्त पुस्तक दिसलं की तिला काम आठवायचं. आठ-पंधरा दिवसांनी मी माहेरी यायची, आणि आले की तू मला समोर बसवून सगळ्या जगाचं विचारायचास. कोण काय म्हणालं, मोंढ्यात कापसाचं काय चाललं आहे, महाराष्ट्र झाला म्हणतात तो कुठून कुठपर्यंत झाला. मी ओठांनी सांगायची, तू डोळ्यांनी ऐकायचास. निघताना तू तांड्याच्या टोकापर्यंत यायचास. मला तुझी दया यायची, आणि दयेपायी मी वारंवार यायची.

मग चीनची लढाई झाली. अचानक सगळ्यांना सैनिक आठवले. ज्या कचेरीत आपल्याला बाकावर बसायला सांगत नव्हते तिथून तुला कागद आला की जुन्या सैनिकांची पुन्हा तपासणी आहे. तू माझ्या नवऱ्याला सांगून मला बोलावून घेतलंस. या वेळी मी तुला आठवडाभर आधीपासून शिकवलं. डॉक्टर मागे गेला की तोंड बंद. काही झालं तरी जबाब द्यायचा नाही. नंबर नाही, नाव नाही, जी साबसुद्धा नाही. तू तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास, आणि गप राहताना तुझ्या मानेवरून घाम वाहत होता. डॉक्टर नवीन होते, वयानं मोठे. त्यांनी बराच वेळ काही विचारलं, मग गप झाले, मग मागच्या टेबलावरून लोखंडी ट्रे फरशीवर पाडला. दारातला शिपाई दचकला, मी दचकले. तू हललाही नाहीस. डॉक्टरांनी कागदावर सही केली. तोफखाना की खेचर, कोणी विचारलंच नाही. माणूस तोच, कान तेच, आणि आता तू हकदार झालास.

मशीन यायला आणखी काही महिने गेले. तू ते लावून पहिल्यांदा कुठे गेलास, तर माझ्याकडे आलास. दोन कोस चालत आलास. वेचणीचे दिवस होते, घरचे सगळे शेतात, माझा धाकटा झोळीत झोपलेला, आणि मी चुलीपुढे भाकरी थापते आहे. तू दारात उभा. सदऱ्याच्या खिशात काळी डबी, तिची वायर गळ्यावरून कानापर्यंत गेलेली. मी काही बोलायच्या आधी तू हात वर करून मला थांबवलंस आणि माझ्या हातांकडे बघत राहिलास. म्हणालास की भाकरीचा एवढा आवाज होते? मग चुलीतलं लाकूड तडतडलं, तू तिकडे बघितलंस. बाहेर कोंबडी ओरडली, तू तिकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. तू माझ्यासमोर बसलास आणि म्हणालास की आता बोल. मी जोरात म्हटलं, काय बोलू? तू मान हलवलीस. “वरडू नको. हळूच बोल. मले तुया हळू आवाज आयकायचा हाये.”

मला वाटलं, आता विचारून टाकावं. रागानं नाही बा, मायेनंच. तू नाही म्हणशील, मी म्हणेन जाऊ दे, आणि दोघांच्या मनातलं ते गाठोडं खाली उतरेल. मी भाकरी तव्यावर टाकली आणि हळूच म्हटलं, “बा, गुळाच्या दिवशी तुले आयकू नव्हतं आलं न?”

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. चुलीकडे बघत म्हणालास, “आलं होतं.”

मी काही म्हणायच्या आत तूच पुढे बोललास. “तो मानूस त वरडूनच बोलते. आन तोंड बी मायाकडंच होतं त्याचं. सगळं समजलं मले.” आणि मग, “मशीन त ते लोकं देत नव्हते. तू यवतमाळले गेली असती, मंग मायासंग कोन बोललं असतं? इथं दोन कोसावर हायेस. येनं-जानं राह्यते.”

तू लाजून सांगितलं नाहीस, की रडून सांगितलं नाहीस. एका बाजूला जड झालेलं ओझं दुसऱ्या बाजूला कसं सारखं केलं, ते सांगावं तसं सांगितलंस. म्हणजे माझं वाक्य खरंच होतं. सरकारनं तुला मशीन दिलं असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस, अगदी टांगा करून सोडून आला असतास. दिलं नाही, म्हणून तू मशीनच्या जागी मला ठेवून घेतलंस. मशीनला कोणी विचारत नाही की तुला कुठे जायचं आहे. आणि एवढी वर्षं मी तुझी कीव करत, तुझ्यासाठी भांडत, तुझ्यासाठी अर्ज लिहीत फिरत होते. मी त्या डॉक्टरला शिव्या दिल्या होत्या, त्या परत घेता येत नव्हत्या, कारण दोषातून तोही सुटत नव्हता. आणि तूही सुटत नव्हतास.

भाकरी करपली. मी ती उतरवली, दुसरी थापायला घेतली. तू वाट बघत होतास. माझे ओठ हलतात काय बघत होतास, मग डबीकडे हात नेलास आणि तिचं चाक थोडं फिरवलंस. मी थापत राहिले. तू चाक आणखी फिरवलंस, मशीन शिट्टीसारखं वाजलं, तू डबी खिशातून काढून हातावर आपटलीस आणि वायरचं टोक कानात नीट बसवलंस. म्हणालास, “बंद पडलं काय वं हे? मले तुया आवाज येऊन नाही राह्यला.”

मशीन चालू होतं. मी तुला ताट वाढलं, तू जेवलास, झोपलेल्या नातवाच्या श्वासाला कान लावून बसलास, आणि उन्हं उतरायच्या आधी निघालास. त्यानंतर तू जेमतेम चार-पाच वर्षं होतास. मी येत होते, आपण बोलत होतो, पावसापाण्याचं, पिकाचं, पोरांचं. त्या दिवसाचं नाही. तू गेलास तेव्हा बायका माझ्याकडे बघून म्हणाल्या की बाप गेला, बापाचे कान मागे राहिले. त्यांना म्हणायचं होतं की तुझे कान म्हणजे मी. मी रडत होते, आणि रडताना मला राग येत होता, आणि त्याचं मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतं म्हणून पुन्हा राग येत होता. अजूनही तसंच आहे. वय झालं की माणूस मऊ पडतो म्हणतात. मी वाट बघते आहे.

काल शिबिरातून आल्यावर नातीनं विचारलं की आजी, तू शिकली असतीस ना गं, मग काय झालं होतं? सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तिला ती गोष्ट आवडते. मी तिला सांगितलं, तोफांनी आमच्या बाचे कान गेले होते, सरकारनं मशीन दिलं नाही, आणि सोयरिकीच्या बैठकीत बिचाऱ्याला प्रश्न ऐकूच आला नाही. माझ्या पोरांना मी हेच सांगितलं, नवऱ्याला हेच सांगितलं, याडी मरेपर्यंत तिलाही दुसरं कळू दिलं नाही. तुझ्यासाठी खोटं बोलते की माझ्यासाठी, ते विचारू नकोस. ती पोरगी तुझ्या फोटोकडे बघून म्हणाली, बिचारे. मी हो म्हटलं.

तिला वाचता येतं बा. म्हणून हे पत्र मी घरात ठेवणार नाही.